कोबी कडू कुणाला लागतो?

“कच्चा कोबी मला कडू लागतो,” असं एखादं पोर म्हणालं, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवावा. घरातल्या बाकी सगळ्यांना तो गोडसर लागत असला, तरीही. भाजी पाहून नाक मुरडण्यात लाडाचा भाग असतो, सवयीचा असतो, हे मान्य. पण त्याखाली एक जन्मजात फरकही असू शकतो. तो तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरची भाजी आणि थोडी शिस्त एवढं पुरतं.

हा फरक लक्षात आला तो अपघाताने. 1931 साली अमेरिकेत विल्मिंग्टन इथल्या ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनतज्ज्ञ फिनाइलथायोकार्बामाइडची, म्हणजे पीटीसीची पूड बाटलीत भरत होते. थोडी पूड हवेत उडाली आणि सोबत काम करणारे नोलर कडू लागतंय म्हणून तक्रार करू लागले. फॉक्स पुडीच्या अधिक जवळ, पण त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. दोघांनी ती जिभेवर ठेवून पाहिली. एकाला जहाल कडू, दुसऱ्याला अगदी बेचव. पुढे फॉक्स आणि वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट ब्लेकस्ली यांनी एका विज्ञान परिषदेत अडीच हजारांहून जास्त लोकांना ती चाखायला दिली. सुमारे 28 टक्के लोकांना तिची चवच लागली नाही. हा गुण घराण्यात उतरतो, हेही लवकरच दिसून आलं.

त्यामागचं जनुक मात्र 2003 मध्ये सापडलं. सातव्या गुणसूत्रावरच्या या जनुकाचं नाव टीएएस2आर38. कडू रेणू ओळखणारं एक प्रथिन ते घडवतं. हे प्रथिन म्हणजे 333 अमिनो आम्लांची साखळी, आणि तिच्यातल्या फक्त तीन जागांवरच्या बदलांनी चव लागणारे आणि न लागणारे असे दोन मुख्य प्रकार पडतात. आपल्याकडे जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. दोन्ही ‘न लागणाऱ्या’ असल्या तर पीटीसी बहुधा बेचव लागते.

आता आपल्या भाजीकडे येऊ. पीटीसीच्या रेणूत नायट्रोजन, कार्बन आणि गंधक यांची जी जुळणी असते, तशीच जुळणी कोबी, नवलकोल, मुळा, मोहरी यांच्यातल्या ग्लुकोसिनोलेट या द्रव्यांतही असते. म्हणून या जनुकाची परीक्षा कोबीच्या कुळात घ्यायची. कारल्यात नाही! कारल्याचा कडूपणा कुकुर्बिटेसिनच्या गोतावळ्यातल्या रेणूंचा आणि कडुनिंबाचा लिमोनॉइडांचा. माणसाकडे कडू ओळखणारी अशी सुमारे 25 प्रथिनं आहेत आणि प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं. त्यामुळे ‘तो कारलं मिटक्या मारत खातो, मग कोबीलाच काय होतं त्याला?’ हा घरोघरचा प्रश्न मुळातच चुकीचा आहे.

प्रयोग असा करावा. कोबीच्या गड्ड्यातला पांढरा दांडा, सोललेला नवलकोल आणि कारलं. सगळं कच्चं, बिनमिठाचं, बोटाच्या पेराएवढे तुकडे. डोळे मिटून आणि नाक चिमटीत धरून चावायचं, कारण नाक उघडं असलं की वास चवीत मिसळतो. मध्ये साध्या पाण्याने चूळ. कडूपणा किती, ते प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहायचं आणि लिहून होईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत मुलांना घेऊन बसलो होतो. एका मुलीने “ई, कडू!” म्हटलं मात्र, रांगेतल्या पुढच्या तिघांची तोंडं तुकडा जिभेवर पडायच्या आतच वाकडी झाली. त्या तिघांचे कागद बाजूला ठेवावे लागले. बाकीच्यांत कारल्यावर एकमत होतं, पण दांड्याला कुणी ‘गोड’ लिहिलं होतं, कुणी ‘खूप कडू’.

इथे खरा पेच येतो. माझं ‘खूप कडू’ आणि तुमचं ‘खूप कडू’ सारखं आहे, हे ठरवायचं कसं? ज्याला जन्मात तीव्र कडू लागलेलंच नाही, तो साध्या कडवटपणालाही दहापैकी आठ गुण देईल. अमेरिकन संशोधक लिंडा बार्टोशुक यांनी यावर काढलेली तोड मला फार आवडते. चवीची तुलना चवीशी नको. जिभेशी संबंध नसलेल्या गोष्टीशी करा, उदाहरणार्थ आवाजाच्या किंवा उजेडाच्या तीव्रतेशी. ठाण्याच्या मुलांना मोजपट्टी शोधावी लागत नाही. शून्य म्हणजे रात्रीची शांत खोली, मध्ये वर्गातला गलका, आणि दहा म्हणजे फलाटावर उभं असताना न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा. ‘हा तुकडा किती मोठ्या आवाजाएवढा कडू?’ असं विचारलं की मुलं क्षणभर विचारात पडतात आणि मग चटकन उत्तर देतात. माणसामाणसांतला फरक अशा विचारण्यातून जास्त स्पष्ट दिसतो.

बार्टोशुक यांनीच अतितीव्र चव लागणाऱ्यांना ‘सुपरटेस्टर’ हे नाव दिलं. त्यांच्या जिभेवर रुचिकलिका धारण करणारे उंचवटे दाट असतात, असं त्यांना आढळलं. पाहणं सोपं आहे. कापसाच्या बोळ्याने जिभेच्या टोकाला खायचा निळा रंग लावायचा, पंचने भोक पाडलेला कागद त्यावर ठेवायचा आणि मोबाइलच्या उजेडात फोटो काढायचा. जीभ निळी होते, उंचवटे मात्र गुलाबी गोल ठिपके होऊन उठून दिसतात. भोकातले मोजता येतात. मुलांना हे विलक्षण आवडतं. पण ठिपके जास्त म्हणून कडू जास्त, असं लगेच म्हणू नये. डेन्व्हरच्या विज्ञान संग्रहालयात सर्वसामान्यांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात असा संबंध आढळला नाही.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. पीटीसी जास्त मात्रेत विषारी आहे, म्हणून पूड घरी आणू नये. शाळेत करायचंच तर शैक्षणिक साहित्यात मिळणाऱ्या, अत्यल्प मात्रेच्या तयार पट्ट्या वापराव्यात. आणि या निकालांवरून कुणाचे आईबाप कोण, असला तर्क कधीही करू नये. दोघांनाही चव लागत असून मुलाला न लागणं अगदी स्वाभाविक आहे. उलटंही घडतं, कारण वारसा पाठ्यपुस्तकातल्या चौकटीइतका नेटका नाही.

1939 साली संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राणिसंग्रहालयातल्या चिंपांझींना पीटीसीचं पाणी पाजलं, तर त्यांच्यातही हेच दोन गट निघाले. फरक आपल्या सामायिक पूर्वजापासून चालत आला असेल, असं तेव्हा वाटलं. 2006 मध्ये जनुक वाचल्यावर कळलं की चिंपांझींमधला बिघाड निराळाच आहे: त्यांच्या ‘न लागणाऱ्या’ प्रतीत जनुकाची सुरुवातच मोडलेली आहे. म्हणजे हा फरक दोन प्रजातींत दोनदा, स्वतंत्रपणे उपजला. शिवाय टीएएस2आर38 घडवतं ते प्रथिन फक्त जिभेवर नसतं. नाकाच्या आणि सायनसच्या अस्तरातल्या पेशींवरही ते असतं, काही जिवाणूंचे रासायनिक संदेश ओळखतं, आणि त्याची इशारत मिळताच पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडून त्या जिवाणूंना मारतात.