शिळावर्तुळ (विदर्भ)

शिळावर्तुळ : न घडवलेले मोठे धोंडे गोलाकार मांडून आखलेले लोहयुगीन दफनस्थळ. विदर्भात, विशेषतः नागपूर जिल्ह्यात, अशी वर्तुळे विपुल असून ती साधारणपणे इ. स. पू. पहिल्या सहस्रकातली आहेत.

‘शिलावर्तुळ’ असेही लेखन आढळते. संस्कृत ‘शिला’चे मराठी रूप ‘शिळा’. ‘शिलालेख’सारख्या तत्सम समासात मात्र ‘ल’ टिकतो. पहिले अक्षर दोन्हीकडे ऱ्हस्वच लिहावे. दीर्घ ‘शीला’ हे मुलीचे नाव. गावात शेतकऱ्याच्या तोंडी शिळेला गोटा नाहीतर धोंडा.

वर्तुळे बहुधा बरडावर, मुरमाड उंचवट्यावर असतात. धोंडे आसपासच्याच काळ्या बेसाल्टचे. आतली जागा गोटे, मुरूम आणि मातीने भरलेली असते. त्या भरावाखाली माणसांची हाडे, तीही बहुतेक वेळा अर्धवट, आणि सोबत काळी-तांबडी भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर सापडतात. नागपूरजवळच्या माहुरझरीला तर घोड्यांचे अवशेष आणि घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याचे अलंकार मिळाले. मृतासोबत घोडा पुरणाऱ्या समाजात त्या जनावराला किती मोल असेल, हे यावरून कळते. पेंच नदीकाठच्या नैकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी उजेडात आली, म्हणजे ही हत्यारे सगळी बाहेरून आणलेली नव्हती.

नागपूरजवळच्या जुनापाणी येथे १९व्या शतकात रिव्हेट-कारनॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने वर्तुळे उकरली. तिथल्या काही धोंड्यांवर वाटीसारखे उथळ खळगे कोरलेले आहेत. पुढे १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड येथे पद्धतशीर उत्खनने केली. विदर्भाच्या लोहयुगाचे आजचे चित्र मुख्यतः त्यावर उभे आहे.

वर्तुळांचे नुकसान मुख्यतः दगडापायीच होते. धोंडे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकले जातात, गिट्टीसाठी फोडले जातात, जमीन सपाट करताना ढकलले जातात. यात पुरातत्त्वाची हानी मोठी आहे, कारण धोंड्याचे मोल त्याच्या जागेत असते. एकदा हलवला की कडेचा घेर आणि आतल्या भरावाशी असलेले नाते दोन्ही जाते. वावरातून वेचलेल्या गोट्यांचा ढीग आणि वर्तुळ यांतला फरक ओळखणे तसे अवघड नाही. ढिगात लहानमोठे दगड कसेही पडलेले असतात. वर्तुळात मोठे धोंडे कडेला एकाशेजारी एक लावलेले असतात आणि मधला भाग किंचित फुगीर दिसतो.