बॅटरी म्हातारी झाली की फोन?

दोन-अडीच वर्षं उलटली की ठरलेली वाक्यं ऐकू येतात. ‘स्लो झालाय’, ‘चार्जिंग टिकत नाही’, ‘मधेच बंद पडतो’, आणि मग निकाल: ‘याचं आयुष्य संपलं, नवा घ्यायला हवा.’ पहिली तीन वाक्यं खरी असतात. चौथं बहुतेक वेळा चुकीचं. आयुष्य संपलेलं असतं बॅटरीचं आणि तेरावं घातलं जातं अख्ख्या फोनचं.

हा दोन-अडीच वर्षांचा हिशेब येतो कुठून? लिथियम-आयन बॅटरीचं वय नुसत्या वर्षांत नाही, सायकलमध्ये मोजतात. एक सायकल म्हणजे एकूण १०० टक्के खर्च. आज ६० टक्के वापरले आणि उद्या ४०, की दोन दिवसांत एक सायकल झाली. मधे फोन किती वेळा चार्जरला लावला याचा तिच्याशी संबंध नाही. आयफोन १४ आणि त्याआधीच्या आयफोनच्या बॅटऱ्या ५०० सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरतील अशा बेताने बनवल्या आहेत, असं ॲपल सांगतं. आयफोन १५ पासून तो आकडा १००० झाला. रोजचा वापर ८५ टक्के धरा: ५०० सायकल साधारण १९ महिन्यांत संपतात, १००० सायकल सव्वातीन वर्षांत. त्यात फोन पूर्ण चार्ज करून उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर पडून राहत असेल तर बॅटरी न वापरताही थकते. तेव्हा दोन वर्षांनी काहीतरी थकतं हा लोकांचा अनुभव खराच आहे. प्रोसेसर मात्र दोन वर्षांपूर्वी जेवढा वेगवान होता तेवढाच आज आहे. त्यात हलणारा एकही भाग नाही, मग झिजणार काय?

चार्ज टिकत नाही म्हणजे काय हे सगळ्यांना कळतं, म्हणून ते एका ओळीत: ५००० एमएएचची बॅटरी ८० टक्क्यांवर आली की तुमच्याकडे ४००० एमएएचची बॅटरी आहे आणि संध्याकाळी पाचलाच चार्जर शोधावा लागतो. इथपर्यंत कोणी चुकत नाही.

लोक चुकतात ते पुढे. थकलेल्या बॅटरीत दोन वेगळे बिघाड होतात आणि त्यातला एकच आपल्याला दिसतो. पहिला, तिची क्षमता घटते. दुसरा, तिचा अंतर्गत रोध वाढतो, म्हणजे आत साठलेली ऊर्जा बाहेर यायला अडखळते. गच्चीवरची टाकी लहान झाली, हा पहिला बिघाड. टाकी भरलेली आहे, पण खाली येणाऱ्या पाइपात क्षार बसून तो अरुंद झालाय, हा दुसरा. थेंब-थेंब वापराल तोवर काही जाणवणार नाही. एकदम दोन नळ सोडले की धार करंगळीएवढी होते.

फोनमध्ये हे कसं घडतं ते आकड्यांत बघू. बॅटरीत ३० टक्के चार्ज आहे, व्होल्टेज ३.७ आहे असं धरा. तुम्ही कॅमेरा उघडून व्हिडिओ सुरू करता. प्रोसेसर, स्क्रीन आणि कॅमेरा मिळून क्षणभर अडीच अँपिअर करंट ओढतात. बॅटरीचा रोध ०.०८ ओहम असेल तर व्होल्टेज ०.२ ने उतरून ३.५ होतं, फोनला पत्ताही लागत नाही. तोच रोध तिप्पट, म्हणजे ०.२४ झाला असेल तर व्होल्टेज ०.६ ने कोसळून ३.१ वर येतं. फोन ३.२ च्या खाली चालत नसेल तर त्या क्षणी स्क्रीन काळी. घाबरून चार्जरला लावला तर चालू होऊन २७ टक्के दाखवतो. मग सुरू होतं: ‘टक्के खोटे दाखवतो, सॉफ्टवेअर गंडलंय, मदरबोर्ड गेला.’ यातलं काहीही झालेलं नसतं. ऊर्जा आत होती, पाहिजे त्या वेगाने बाहेर आली नाही. कडाक्याच्या थंडीत रोध आणखी वाढतो, म्हणून घरात धड चालणारा फोन थंड हवेच्या ठिकाणी ४० टक्क्यांवरही मान टाकतो.

आणि ‘स्लो झालाय’? त्याचाही धागा काही फोनांत इथेच येऊन मिळतो. फोन असा अचानक बंद पडू नये यासाठी त्यांचं सॉफ्टवेअर प्रोसेसरला आवरतं. अडीच अँपिअर मागूच नकोस, दीडवर भागव. फोन बंद पडत नाही, पण ॲप उघडायला वेळ घेतो, स्क्रोल करताना अडकतो. ॲपलने जानेवारी २०१७ मध्ये आयओएस १०.२.१ मध्ये नेमकं हेच केलं, आयफोन ६, ६एस आणि एसई या पिढीसाठी. वापरणाऱ्यांना मात्र ते स्पष्ट सांगितलं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने कबुली दिली, बॅटरी बदलण्याचं शुल्क वर्षभरासाठी कमी केलं आणि मार्च २०१८ च्या आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची प्रकृती दाखवणारं पान दिलं. फ्रान्सने २०२० मध्ये २.५ कोटी युरोचा दंड ठोठावला तो ग्राहकांना न सांगितल्याबद्दल. मधल्या काळात किती जणांनी ‘जुना झाला’ म्हणून फोन बदलला असेल! त्यांना नवी बॅटरी पुरली असती. ‘कंपन्या मुद्दाम फोन बिघडवतात’ असं म्हणून गप्प बसणाऱ्यांनाही हा तपशील ठाऊक नसतो: तीच बॅटरी बदलली की तोच फोन पुन्हा पहिल्यासारखा पळत होता.

इथे आणखी एक खोच आहे. सेटिंगमध्ये जे ‘बॅटरी हेल्थ ८४ टक्के’ दिसतं ती फक्त क्षमता, म्हणजे टाकीचं माप. पाइपाची अवस्था त्या टक्क्यात नाही. त्यामुळे ८४ टक्क्यांवर बंद पडणारा फोन आणि ७८ टक्क्यांवर सुरळीत चालणारा फोन, दोन्ही शक्य आहेत. ‘अजून ८० च्या वर आहे, म्हणजे बॅटरी चांगली’ हा तर्क म्हणूनच लंगडा. अनेक आयफोनवर टक्क्यांच्या खाली कमाल कार्यक्षमतेबद्दल एक ओळ असते; फोन अचानक बंद पडून वेगावर मर्यादा आली असेल तर ती तिथे लिहिलेली असते. ती ओळ वाचा, आकड्याकडे नंतर बघा. सॅमसंगच्या फोनांत ‘सॅमसंग मेंबर्स’ ॲपच्या डायग्नोस्टिक्समध्ये बॅटरीची स्थिती कळते.

एवढं करूनही शंका उरली तर घरच्या घरी चाचणी करता येते. फोन रीस्टार्ट करा. बॅटरी सेव्हर बंद करा, आणि तो २० टक्क्यांना आपोआप चालू होत असेल तर तेही बंद करा. ही पायरी गाळली तर चाचणी वाया, कारण बॅटरी सेव्हर स्वतःच वेग कमी करतो. आता एखादं जड ॲप, नकाशे किंवा कॅमेरा, ९० टक्के चार्ज असताना उघडा आणि किती सेकंद लागतात ते मोजा. तेच १५ ते २० टक्क्यांवर करा. ९० ला झटपट आणि १५ ला रखडत, असं असेल तर संशय बॅटरीवर. दोन्हीकडे सारखंच रखडत असेल तर कारण बहुधा दुसरं आहे. चार्जर लावलेला असताना मोजू नका. चार्जिंगने फोन तापतो, तापला की प्रोसेसर वेग उतरवतो आणि चाचणीचा विचका होतो.

दुसरी कारणं किरकोळ आहेत, भराभर सांगतो. स्टोरेज काठोकाठ भरलं की लिहिण्याचा वेग मंदावतो; १० ते १५ टक्के जागा मोकळी ठेवा. मोठा अपडेट आल्यावर एक-दोन दिवस फोन मागच्या मागे ॲप नव्याने जुळवतो आणि फोटोंची यादी पुन्हा तयार करतो, तेव्हा तो गरमही होतो आणि चार्जही खातो. तेवढे दिवस कळ काढा. चार्जर लागत नाही म्हणून फोन बदलणारे तर धन्य. फोन बंद करून लाकडी टूथपिकने पोर्टमधला खिशातल्या कापडाचा दाबून बसलेला भुगा हलक्या हाताने काढा, पिन ‘टक्’ आवाज करून बसेल. आणि ‘रॅम क्लीनर’, ‘बूस्टर’ ही ॲप आधी उडवा. ती चालू ॲप मारतात, फोन ती पुन्हा सुरू करतो, या झटापटीत बॅटरी जास्त जाते.

फोन खरोखर म्हातारा होतो तो वेगळ्याच मार्गाने, आणि तो मार्ग दिसत नाही. सुरक्षा अपडेट यायचे थांबतात. स्क्रीन लख्ख, वेग छान, बॅटरी नवी, पण उघडकीला आलेल्या त्रुटी आता कोणी बुजवत नाही. गंमत अशी की चांगला फोन ‘स्लो’ म्हणून टाकणारी मंडळी असा फोन मात्र ‘मस्त चाललाय’ म्हणून खुशाल बँकेच्या व्यवहारांना वापरतात. सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ आणि तिथे अँड्रॉइड आवृत्ती उघडली की सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसते. तिच्याच आसपास गूगल प्ले सिस्टिम अपडेटची वेगळी तारीख असते. तिच्याकडे बघून समाधान मानू नका. ते अपडेट गूगल थेट पाठवतं, त्यात अँड्रॉइडचे ठरावीक भागच येतात. चिप आणि तिच्या ड्रायव्हरमधल्या त्रुटी फोनच्या कंपनीच्या अपडेटनेच बुजतात. आवृत्ती नवी मिळाली नाही, १४ वरून १५ झाली नाही, याचं दुःख करू नका. सुरक्षा अपडेट येत आहेत तोवर फोन जिवंत आहे.

‘सात वर्षं अपडेट’ ही जाहिरात वाचतानाही घोळ होतो. गूगलने पिक्सेल ८ पासून (२०२३) आणि सॅमसंगने गॅलॅक्सी एस२४ पासून (२०२४) सात वर्षांचं आश्वासन दिलंय, पण ती सात वर्षं मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून मोजायची, तुम्ही डबा फोडला त्या दिवसापासून नाही. सूट मिळाली म्हणून तीन वर्षं जुनं मॉडेल घेतलं तर हातात चारच वर्षं उरतात. युरोपीय संघाचा २० जून २०२५ पासून लागू झालेला नियम मोजणी उलट्या टोकाकडून करतो: त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापुढे किमान पाच वर्षं अपडेट. शिवाय बॅटरी ८०० सायकलनंतर ८० टक्के उरली पाहिजे आणि सुटे भाग सात वर्षं मिळाले पाहिजेत. मोजायची ही पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते.

मग करायचं काय? अपडेटची दोन वर्षं तरी शिल्लक आहेत आणि बॅटरी थकलीय, तर बॅटरी बदला. विषय संपला. अपडेट थांबलेत आणि बॅटरी ठणठणीत आहे, तर फोन गाणी ऐकायला, गजराला ठेवा, त्यावर बँक आणि मेल नको. दोन्ही संपलं असेल तर नवा घ्या, खुशाल घ्या. एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. मागचं कव्हर उचललं गेलंय, स्क्रीनच्या कडेला फट दिसतेय, टेबलावर ठेवल्यावर फोन गरगर फिरतोय, म्हणजे आत वायू साठून बॅटरी फुगलीय. चार्जिंग लगेच बंद, फोन बंद, दाबून बसवायचा प्रयत्न करायचा नाही, टोचायचं तर मुळीच नाही.

बॅटरी बदलताना घोटाळे होतात ते गोंदापाशी. ती चिकटपट्टीने घट्ट बसवलेली असते. पट्टी तुटली की घाईचा कारागीर पत्र्याने उचकटतो आणि सेलला भोक पडतं. शहाणा कारागीर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून वाट बघतो आणि प्लास्टिकच्या पट्टीने सावकाश सोडवतो. फोन उघडायला देताना चार्ज २५ टक्क्यांच्या खाली असू द्या, चुकून इजा झाली तरी भडका लहान राहतो. कडेचं जलरोधक सील नवं लावायला सांगा. ते जुनंच दाबून बसवलं तर फोन दिसायला तसाच राहतो आणि पहिल्या पावसात पाणी आत. सील नवं असलं तरी कारखान्यातल्या आयपी दर्जाची, म्हणजे पाणी-धूळ रोखण्याच्या मापाची, खात्री उरत नाही, तेव्हा पाण्याखाली फोटो काढायची हौस आवरा. मूळ बॅटरी ४००० एमएएचची आणि ‘हायपॉवर’ म्हणून ५५०० लिहिलेली त्याच मापाची बॅटरी कोणी दाखवली तर घेऊ नका. तेवढ्याच जागेत दीड हजार जास्त मावत असते तर मूळ कंपनीनेच घातले असते.

जुना फोन कपाटात ठेवणार असाल तर पूर्ण चार्ज करून किंवा पूर्ण रिकामा करून ठेवू नका. ५० टक्क्यांवर बंद करा, थंड आणि कोरड्या जागी ठेवा, दर सहा महिन्यांनी काढून पुन्हा ५० वर आणा.