गालाचं नाक आणि कपाळाचं नाक

आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीत गणपतीच्या मंडपाशेजारी मुलं दरवर्षी पुठ्ठ्यांवर प्रदर्शन लावतात, यंदा विषय होता आपलं जुनं विज्ञान, आणि पोरांनी मनापासून केलं होतं, शून्य, लोहस्तंभ, सगळं. त्यातच एका माणसाच्या चेहऱ्याचं चित्र होतं, कपाळावर मोठा व्रण, नाक जरा जाडसर, खाली स्केचपेनने लिहिलेलं ‘सुश्रुतांनी केलेली नाकाची प्लास्टिक सर्जरी’. मी आरतीचं ताट हातात घेऊन तिथेच उभी राहिले. कारण तो माणूस सुश्रुतांचा पेशंट नाहीच. त्याचं नाव कावसजी, तो टिपू सुलतानाच्या काळातला, आणि त्याला नाक बसवलं ते पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या माणसाने.

मुलांचा काही दोष नाही, मोठमोठ्या लोकांच्या भाषणात आणि लेखात हीच गल्लत असते. नाक परत बनवण्याच्या आपल्याकडच्या दोन वेगवेगळ्या पद्धती आहेत. एकात कातडी घेतात गालाची, ती सुश्रुतसंहितेत आहे. दुसरीत घेतात कपाळाची, ती १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आली. मधे हजार वर्षांहून जास्त अंतर आहे आणि आपण सरसकट दोन्हीला ‘सुश्रुतांची सर्जरी’ म्हणून मोकळे होतो.

आधी गालाचं बघू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, म्हणजे तिच्या पहिल्या भागात, सोळावा अध्याय आहे, तो मुळात नाकाचा नाहीच, कानाचा आहे. सुरुवात होते ती बाळाचे कान टोचण्यापासून, आणि ते कशासाठी तर रक्षणासाठी आणि दागिन्यांसाठी, म्हणजे बारशाच्या आसपास आपल्याकडे सोनाराला बोलावून जे करतात तेच. मग टोचलेली भोकं वाढवणं, जड दागिन्यांनी किंवा मार लागून पाळी फाटली तर ती जोडायच्या १५ पद्धती, आणि हे सगळं झाल्यावर शेवटी शेवटी मोजके श्लोक नाकाचे येतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण कान टोचायचा संस्कार होता म्हणून फाटलेल्या पाळ्या होत्या, पाळ्या जोडता जोडता हात बसला आणि तोच हात पुढे नाकाकडे गेला, अध्यायाची मांडणी बघितली की असंच वाटतं.

नाकाची कृती अशी आहे. झाडाचं एक पान घ्यायचं, तुटलेल्या नाकाच्या मापाचं. त्या मापाने ‘गण्डपार्श्वात्’ म्हणजे गालाच्या बाजूने कातडी सोडवायची. उरलेल्या नाकाचा शेंडा खरवडून ताजा करायचा आणि वेळ न घालवता त्यावर ती बसवून नीट बांधायची. श्वासासाठी दोन नळ्या घालायच्या, नाक उचलून धरायचं, वरून पतंग नावाच्या झाडाचं लाकूड, ज्येष्ठमध आणि अंजन यांची पूड, त्यावर पांढरा कापूस, आणि तो तिळाच्या तेलाने पुन्हा पुन्हा भिजवत राहायचा. पेशंटला तूप प्यायला द्यायचं. नाक कमी पडलं तर वाढवायचा प्रयत्न करायचा, मांस जास्त झालं तर सारखं करून घ्यायचं, इतक्या बारकाव्यापर्यंत सांगितलंय. कपाळाचा मात्र कुठे उल्लेख नाही. गंड म्हणजे गाल, त्यात दुसरा अर्थ काढायला जागाच नाही.

अभ्यासकांचा खरा वाद वेगळ्या ठिकाणी आहे. गालाची ती कातडी पूर्ण तोडून आणायची का एका बाजूने जोडलेली ठेवून वळवायची? हा फरक साधा नाही, कारण पूर्ण तोडलेली जाड कातडी आपलं रक्त सोडून आलेली असते आणि ती बऱ्याचदा काळी पडून मरते, जोडलेली असेल तर जुन्या जागेवरून रक्त येत राहतं आणि नवीन जागी मूळ धरेपर्यंत ती तग धरते. आजचे सर्जन पहिल्याला ग्राफ्ट म्हणतात, दुसऱ्याला फ्लॅप. नाकाच्या श्लोकात ‘बद्धं’, म्हणजे बांधलेलं किंवा जोडलेलं, असा शब्द आहे आणि त्याचा अर्थ कोण कसा लावतो त्यावर सगळं अवलंबून आहे. पण त्याच अध्यायात, आपण छापील वाचतो त्या पाठात, कानाच्या पाळीबद्दल सरळ लिहिलंय की गालाचं मांस घ्यायचं ते ‘सानुबन्धेन जीवता’, म्हणजे जोडलेलं आणि जिवंत. हे दोन शब्द मी पहिल्यांदा वाचले तेव्हा अंगावर काटा आला, कारण फ्लॅप म्हणजे काय हे दोन शब्दांत याहून चांगलं कोणी सांगेल असं मला वाटत नाही. ज्याला पाळीसाठी हे कळलं होतं त्याने नाकासाठी वेगळं केलं असेल हे मला पटत नाही. अर्थात ही संहिता एका हाताने एका दिवसात लिहिलेली नाही, तिच्यात भर पडत गेलीय. नेपाळमध्ये ताडपत्रावरची एक प्रत आहे, इ.स. ८७८ ची, आणि आपल्या छापील पाठापेक्षा ती बऱ्याच ठिकाणी वेगळी आहे, त्यामुळे एकेका शब्दावर किती भार टाकायचा हे अभ्यासक सांभाळूनच ठरवतात.

आता कपाळाचं नाक. कावसजी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत टिपूच्या लोकांनी त्याला पकडलं आणि नाक आणि एक हात कापून सोडून दिलं. साधारण वर्षभर तो तसाच राहिला, मग पुण्याजवळ त्याच्यावर ऑपरेशन झालं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे ऑपरेशन डोळ्यांनी बघितलेलं होतं, आणि चित्र काढलं जेम्स वेल्सने, हाच तो ज्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र काढलंय. ऑक्टोबर १७९४ च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासकट सगळी कृती छापून आली. आमच्या मंडपातलं चित्र तेच.

त्या कृतीत मेणाची पातळ चकती नाकाच्या थोटकावर बसवून आधी नाकाचा आकार करतात. मग ती चकती सपाट करून कपाळावर ठेवायची, भोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवायची, फक्त दोन डोळ्यांच्या मधली बारीक पट्टी तोडायची नाही. थोटकाच्या कडा ताज्या करून मागे खाच पाडायची, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिची कड त्या खाचेत बसवायची. जोड धरून ठेवायला काय, तर काथ. विड्याच्या पानाला लावतात तो काथ पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना फासायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक. चार दिवस दुसरं काही लावायचं नाही, नंतर तुपात भिजवलेल्या चिंध्या. पाच-सहा दिवस उताणं झोपवायचं, दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे. आणि साधारण २५ व्या दिवशी डोळ्यांमधली ती पट्टी कापायची.

हा २५ वा दिवस मला पुस्तकात नंतर भेटला, आधी घरी भेटला. कळव्याच्या माझ्या मामाच्या नाकाच्या शेंड्यावर जखम होती, भरायची नाही, मोस आहे मोस आहे म्हणत दोन वर्षं काढली आणि शेवटी कातडीचा कॅन्सर निघाला, फारसा न पसरणारा प्रकार, पण शेंडा काढावा लागणार होता. डॉक्टर म्हणाले, काका, कपाळाची कातडी वळवून नाक करू. मामाला काही समजेना तेव्हा त्यांनी ड्रॉवरमधून टाक्यांच्या दोऱ्याचं रिकामं पाकीट काढलं, त्याचा आतला चंदेरी कागद मामाच्या नाकावर अंगठ्याने दाबून बसवला, कात्रीने कडेने कापला, मग सपाट करून कपाळावर ठेवला आणि पेनने भोवती रेघ काढली. ऑपरेशन झाल्यावर मामा तीन आठवडे तसा होता, भुवईपासून नाकापर्यंत कातडीची सोंड आल्यासारखी, मामी आरसा लपवून ठेवायची, आणि तीन आठवड्यांनी दुसऱ्या छोट्या ऑपरेशनमध्ये ती कापली. आज मामा तलावपाळीला फिरायला येतो तेव्हा नाक पटकन कळतसुद्धा नाही, कपाळावर बारीक उभी रेघ आहे तेवढीच. मासिकातही हेच लिहिलंय की कपाळाचा व्रण काही काळाने फारसा दिसत नाही.

कपाळच का, हे तेव्हा डॉक्टरांना विचारलं होतं. कपाळाची कातडी रंगाने आणि जाडीने नाकाशी चांगली जुळते, आणि भुवईच्या आतल्या टोकाजवळून एक धमनी वर जाते ती त्या फ्लॅपला भरपूर रक्त देते, त्यामुळे लांब पट्टी वळवली तरी जगते. गालाचा तुकडा छोट्या कामाला, म्हणजे नाकपुडीच्या कडेला वगैरे, आजही वापरतात, पण पूर्ण नाकाएवढी कातडी गालावरून घ्यायची म्हणजे गालावर मोठी खूण राहणार आणि डोळ्याची खालची पापणी ओढली जायची भीती. म्हणून कपाळाची पद्धत ही माझ्या मते पुढची पायरी आहे, आणि ती पायरी कोण कधी चढलं त्याचा संस्कृत ग्रंथात पत्ता लागत नाही.

गल्लत कुठे झाली ते सांगते. युरोपात त्याआधी दंडाच्या कातडीची पद्धत होती, इटलीतल्या बोलोन्याच्या ताग्लियाकोत्झी या सर्जनने १५९७ मध्ये त्यावर पुस्तक छापलं होतं, त्यात हात चेहऱ्याला बांधून आठवडेच्या आठवडे बसावं लागायचं. मग पुण्याची कृती छापून आली, लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये ती पहिल्यांदा करून बघितली, १८१६ मध्ये दोन ऑपरेशनांचा वृत्तांत छापला, आणि कपाळाच्या पद्धतीला तिकडे ‘इंडियन मेथड’ म्हणायला लागले. पुढे सुश्रुतसंहितेची भाषांतरं झाली, त्यातही नाक सापडलं, आणि इंडियन म्हणजे सुश्रुतच असणार असं लोकांनी धरून टाकलं.

यात सगळ्यात जास्त अन्याय झाला तो पुण्याजवळच्या त्या माणसावर. त्याचं नाव कोणी लिहूनच ठेवलं नाही, फक्त विटा पाडणाऱ्या जातीचा एवढंच. कुठे कुठे ‘कुमार नावाचा वैद्य’ असंही छापलेलं दिसतं, मला तर तो कुंभार शब्दाचाच अपभ्रंश वाटतो. मासिकातल्या पत्रात असंही म्हटलंय की हे ऑपरेशन इथे नवीन नाही, फार पूर्वीपासून चालत आलंय. म्हणजे बापाकडून मुलाकडे, हाताने हाताला शिकवत. आणि गिऱ्हाईकही होतं, कारण नाक कापणं ही आपल्याकडे खरोखरची शिक्षा होती, ‘घराण्याचं नाक कापलं’ असं आपण आज सहज बोलतो पण तेव्हा सुरी चालायची. शूर्पणखेची गोष्ट आणि तिच्यावरून नाशिकचं नाव, हे आपण लहानपणापासून ऐकतो, तिचं नाक परत बसवल्याची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही, ते काम या माणसांनी केलं. चिखलाला आकार द्यायची सवय असलेल्या बोटांना मेणाचं नाक करणं जमलं असेल यात मला नवल वाटत नाही. सुश्रुतांच्या परंपरेतलंच काही झिरपत त्याच्यापर्यंत आलं असेल का? येऊ शकतं, तुकड्याचं माप घ्यायचं, कड ताजी करायची, नाकपुड्या उघड्या ठेवायच्या, इतकं सारखं आहे. पण पाळीच्या श्लोकापासून त्या वीटभट्टीपर्यंतचा लिखित धागा आपल्या हातात नाही, म्हणून दोघांना दोन वेगळी नावं, दोन वेगळे पुठ्ठे द्यायला हवेत.

आरती झाल्यावर मी पोरांना बोलावून हे सगळं सांगितलं. चौथीतल्या एकीने लगेच विचारलं, मग गणपतीबाप्पाचं डोकं? मी म्हटलं, ती बाप्पाची गोष्ट आहे, ती आपण हात जोडून ऐकायची, इथे आपण माणसांनी सुरी हातात घेऊन काय केलं ते लिहितोय. त्यांनी दुसऱ्या दिवशी दोन पुठ्ठे केले. एकावर पिंपळाचं पान चिकटवलं, खाली ‘सुश्रुतसंहिता, गालाची कातडी’. दुसऱ्यावर कावसजीचं चित्र ठेवलं आणि नाव काय लिहायचं यावर त्यांची बराच वेळ भांडाभांडी झाली, शेवटी लिहिलं, ‘कपाळाची कातडी, पुण्याजवळ, १७९३. करणारा: विटा पाडणारा’, आणि पुढे एक ओळ कोरी सोडली.