शिकवलेलं कुत्रं अचानक घरात सू करायला लागलं तर

वर्षानुवर्षं घरात कधी घाण न केलेलं कुत्रं एके सकाळी हॉलच्या मधोमध तळं करून ठेवतं, तेव्हा घरातून ठरलेली मतं निघतात. आजी म्हणते, वय झालं त्याचं. मुलं म्हणतात, रविवारी आपण सगळे त्याला सोडून अक्कलकोटला गेलो ना, त्याचा राग काढतंय. वडिलांचं म्हणणं असतं, लाड फार झालेत, एक फटका बसला की येईल वळणावर. तोवर कुणीतरी फडकं मारून, बादलीत पिळून मोकळं झालेलं असतं. लघवी किती होती, कुठे होती, कसल्या रंगाची होती, हे कुणीच पाहिलेलं नसतं. खरं उत्तर बहुतेक वेळा त्या तळ्यातच असतं.

कुत्र्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला आपणहून लघवीही करता येत नाही. आई पोटाखाली चाटते तेव्हा होते. साधारण तीन आठवड्यांचं झालं की ते स्वतः करू लागतं आणि तेव्हापासूनच झोपायची जागा सोडून जरा लांब जाऊन करतं. आपण पिल्लाला शिकवतो ते एवढंच, की हे सगळं घरच तुझी झोपायची जागा आहे. उपजत ओढीवर बसलेली ही सवय पक्की असते, सहजी पुसली जात नाही. पण ती पाळायची तर शरीरानं साथ द्यावी लागते. मूत्राशय बेताच्या वेगानं भरलं पाहिजे. भरताना त्याच्या भिंतीचा स्नायू शांत राहिला पाहिजे. तोंडाशी असलेले स्नायू आवळलेले राहिले पाहिजेत. मेंदूकडून ‘आता नको’ हा निरोप पाठीच्या कण्यातून खाली पोचला पाहिजे. आणि शेवटी, पायांनी दारापर्यंत नेलं पाहिजे. यातलं एक काही बिघडलं की कुत्र्याला सगळं कळत असूनही घरात सू होते.

थोडी थोडी, घडोघडी होत असेल, तर भिंतीचा स्नायू चिडलेला आहे असं समजावं. मूत्राशयाला जंतुसंसर्ग झाला की आतलं अस्तर सुजतं आणि चार चमचे लघवी साठली तरी पिशवी भरल्याचा निरोप जातो. यामागे बहुतेक वेळा ई. कोलाय हा आतड्यातलाच जीवाणू असतो. कुत्रीचा मूत्रमार्ग आखूड असल्यामुळे तिला हा त्रास जास्त होतो. मुतखडाही असंच करतो. मात्र नर कुत्रा पाय उचलून उभा राहतोय, कुंथतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टरांकडे न्या. पुष्कळ जण याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसतात. खडा अडकून लघवी तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि त्यानं हृदय बंद पडू शकतं.

याच्या उलट प्रकार म्हणजे मोठं, पाण्यासारखं फिकं तळं. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते याच्याकडे, कारण कुत्रं तसं ठणठणीत दिसत असतं, खातपीत असतं. निरोगी कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण 20 ते 40 मिलिलिटर लघवी होते. म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याला फार तर 800 मिलिलिटर. मूत्रपिंड रक्तातून खूप पाणी गाळतं, पण त्यातलं बहुतेक परत ओढून घेतं. ही परत ओढण्याची क्रिया बिघडली की दिवसाला दोन-दोन लिटर लघवी तयार होते. मग रात्रभर ती धरून ठेवणं कोणत्याही कुत्र्याला जमणार नाही.

ही क्रिया बिघडण्याची कारणं बरीच आहेत. मधुमेहात रक्तातली साखर 180 ते 200 मिलिग्रॅमच्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर सुमारे दोन तृतीयांश काम बंद पडलं की लघवी दाट करण्याची ताकद जाते. म्हणजे तळं दिसतं तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो, पण रक्ततपासणीत तो अजून नीट दिसतही नसेल. नसबंदीचं ऑपरेशन न झालेल्या कुत्रीला माजावर येऊन गेल्यानंतर महिना-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो. त्यातल्या जीवाणूंचं विष मूत्रपिंडाला पाणी परत ओढू देत नाही, म्हणून ती सारखी पाणी पिते आणि घरात करते. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर काहीच गळताना दिसत नाही आणि कुत्री बघता बघता हाताबाहेर जाते. काही वेळा कारण आपल्याच औषधांच्या डब्यात असतं. खाजेवर दिलेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. अशी गोळी मनानं एकदम बंद करू नये, डॉक्टरांना विचारून कमी करावी.

सोलापुरात यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘अहो, ऊन किती आहे, पाणी पिणारच.’ एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर जातो हे खरं आहे, कुत्रं जास्त पाणी पितं हेही खरं. पण उन्हानं प्यायलेलं पाणी कुत्रं धापा टाकून जिभेवरून आणि श्वासातून घालवतं. अंग थंड ठेवायला त्याच्याकडे तोच मुख्य मार्ग आहे. म्हणून उन्हाची तहान असेल तर लघवी कमी आणि गडद पिवळी व्हायला हवी. भर मे महिन्यात पाणीही जास्त जातंय आणि लघवीही भरपूर, फिकी होतेय, तर दोष उन्हाचा नाही.

हे घरीच मोजता येतं. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे पाणी मापून वापरायची सवय घराघरात आहेच. सकाळी लिटरच्या बाटलीनं मोजून भांडं भरा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा. ड्रममध्ये, मोरीत, बागेतल्या हौदात तोंड घालू देऊ नका. दिवसाला किलोमागे 100 मिलिलिटरच्या वर, म्हणजे 20 किलोच्या कुत्र्यानं दोन लिटरपेक्षा जास्त पाणी प्यायलं, तर तपासणी हवीच. आणि कितीही चिडचिड झाली तरी पाणी तोडू नका. घरात करतं म्हणून संध्याकाळनंतर भांडं उचलून ठेवणारी माणसं असतात. मूत्रपिंड किंवा मधुमेहाचं कुत्रं तहानेनं पितं ते बाहेर गेलेलं पाणी भरून काढायला. ते बंद केलं तर एका रात्रीत त्याची तब्येत ढासळू शकते.

डॉक्टरांकडे जाताना सकाळची पहिली लघवी सोबत न्यावी. वरण वाढायचा एक जुना डाव बाजूला काढा, तो स्वच्छ धुऊन कोरडा करा आणि धार सुरू झाली की हळूच खाली धरा. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या निर्जंतुक डबीत ओतून तासा-दोन तासांत पोचवा, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. माणसांसाठीच्या लघवी तपासायच्या पट्टीवर साखर आणि रक्त कळतं, पण कुत्र्याच्या लघवीचा दाटपणा आणि पांढऱ्या पेशी त्या पट्टीवर भरवशानं कळत नाहीत. त्यासाठी दाटपणा मोजायचं भिंगाचं यंत्र आणि सूक्ष्मदर्शक लागतो. लघवी तपकिरी-लाल असेल, कानामागे गोचीड सापडले असतील आणि हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, तर बबेसिया हा गोचिडीचा ताप असू शकतो. तिथे थांबायला वेळ नसतो.

कुत्री झोपेतून उठली आणि अंगाखालची चादर ओली असेल, तर तिनं सू केलेली नाही, ती गळलेली आहे. नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या काही माद्यांमध्ये काही वर्षांनी इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या अभावी मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल पडतात. औषधानं हे बहुधा आटोक्यात येतं. म्हाताऱ्या कुत्र्याचं कोडं वेगळं. सांधे दुखत असतील तर तिसऱ्या मजल्यावरून उतरणं त्याला नको होतं. किंवा माणसाच्या स्मृतिभ्रंशासारखाच आजार होतो, मेंदूत तसाच प्रथिनांचा गाळ साठतो. मग ते रात्री घरभर फिरतं, कोपऱ्यात अडकून उभं राहतं, बाहेर जाऊन नुसतं हुंगून परत येतं आणि आत आल्यावर करतं. नर कुत्रा सोफ्याच्या पायावर चार थेंब उडवत असेल, तर ती लघवीची घाई नव्हे, हद्दीची खूण आहे.

भीतीचाही विचार करायला हवा. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत सोलापुरातल्या होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं, दिवाळीत फटाके, लग्नसराईत डीजेची वरात. घाबरलेल्या कुत्र्याची लघवी तिथल्या तिथे सुटते, हे एक. दुसरं जास्त चिवट: ज्या मैदानात आवाज झाला तिथे जायलाच ते नंतर कित्येक दिवस तयार नसतं. पट्टा लावला की बसकण मारतं, आणि कोंडलेलं घरात होतं.

यातल्या कशावरही फटका हे औषध नाही. ‘बघा, कसं तोंड पाडून बसलंय, चूक कळलीय त्याला,’ असं आपण म्हणतो. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच तपासलं होतं. मालक खोलीबाहेर असताना कुत्र्यानं मना केलेला खाऊ खाल्ला की नाही, याचा त्या पडलेल्या चेहऱ्याशी संबंध निघाला नाही. संबंध निघाला तो मालकाच्या रागावण्याशी. खाऊ न खाता बोलणी बसलेली कुत्री तर उलट जास्तच अपराधी दिसली. तासाभरापूर्वीच्या तळ्याकडे नाक दाबून नेलं, तर कुत्रं एवढंच शिकतं की माणसासमोर सू करणं धोक्याचं. पुढच्या वेळी ते दिवाणाखाली करतं, आणि आजाराची खूण आपल्याला दिसेनाशी होते.

फरशीबद्दल बोललंच पाहिजे, कारण आपल्याकडे जुन्या घरांत शहाबादी असते. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. तिच्या सांध्यांत आणि बारीक छिद्रांत लघवी मुरते, जीवाणू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात, आणि आपल्याला वास येईनासा झाला तरी कुत्र्याच्या नाकाला तो येतच राहतो. तीच त्याची ठरलेली जागा होऊन बसते. व्हिनेगर किंवा बाथरूमचं ॲसिड शहाबादीवर टाकू नका, आम्लानं चुनखडी झिजते, खडबडीत होते आणि आणखी लघवी पिते. आधी कोरड्या फडक्यानं टिपून घ्या, भरपूर साध्या पाण्यानं धुवा, मग एन्झाइमचा क्लीनर ओतून बाटलीवर दिलेला वेळ ओला राहू द्या. लघवी धुऊन काढण्याआधी ब्लिचिंग पावडर टाकू नये, अमोनियाशी मिळून घशाला झोंबणारा विषारी वायू तयार होतो. हे सगळं हातमोजे घालूनच करायचं. उंदरांकडून येणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याला झाला असेल तर त्याचे जंतू लघवीतून बाहेर पडतात आणि हातावरच्या कापल्या-खरचटल्या जागेतून माणसात शिरतात. वार्षिक लसीत लेप्टो आहे का, हे कार्डावर पाहून ठेवा.

आजार बरा झाला तरी घरातल्या त्या कोपऱ्याची सवय काही दिवस उरते. मग त्याला पुन्हा पिल्लू समजून शिकवायचं. उठल्याबरोबर, खाल्ल्यावर, झोपायच्या आधी बाहेर. उन्हाळ्यात डांबर तापतं म्हणून आपण पहाटे आणि थेट रात्री आठनंतर नेतो, मधले बारा-चौदा तास त्याच्यासाठी फार होतात. दुपारी निदान जिन्याखालच्या सावलीतल्या मातीपर्यंत तरी न्यावं. बाहेर सू झाली की तिथेच, त्याच क्षणी शाबासकी द्यायची आणि कडक भाकरीचा तुकडा. तो खिशातच असू द्या, कारण घरी परतून दिलेल्या तुकड्याचा त्या सू-शी संबंध त्याला लागत नाही.