एकेकाळी गुन्हा ठरलेला वारसा: त्रिनिदादच्या धर्म-संस्कृतीची पार्श्वभूमी

कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर वॉटरलू नावाचं गाव आहे. तिथे किनारा सोडून आत, समुद्रात, एक पांढरं देऊळ उभं आहे. ते तिथे का आहे, याची गोष्ट त्या देशातल्या शाळकरी पोरांनाही माहीत असते. शिवदास साधू हे ऊसमळ्यातले मजूर. भारतातून लहानपणीच आईवडिलांबरोबर आलेले. १९४७ मध्ये त्यांनी किनाऱ्यालगत एक छोटं देऊळ बांधलं. जमीन निघाली साखर कंपनीची. देऊळ पाडा, असा हुकूम आला. साधूंनी ऐकलं नाही, तेव्हा १९५२ मध्ये देऊळ जमीनदोस्त झालं आणि साधूंना १४ दिवसांचा तुरुंगवास झाला.

सुटून आल्यावर त्यांनी ठरवलं, की जमिनीवर देवाला जागा मिळत नसेल तर समुद्रात बांधायचं. ओहोटी लागली की चिखलातून आत जायचं, लोखंडी पिंपं उभी करायची, त्यांत दगड आणि काँक्रीट भरायचं, आणि भरती यायच्या आत परतायचं. सामान वाहायला सायकल आणि बादल्या. लोक हसायचे. वर्षानुवर्षं हा माणूस एकट्याने समुद्रात भर घालत राहिला. १९७०च्या सुमारास ते गेले, तेव्हाही काम अपुरंच होतं आणि लाटा बांधलेला भाग खात होत्या. १९९५ मध्ये, भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षं झाली त्या निमित्ताने, सरकारनेच पुढाकार घेऊन ते देऊळ नव्याने उभं केलं.

या देशाचा धार्मिक आणि सांस्कृतिक इतिहास वाचायला घेतला की हीच गोष्ट नाव-गाव बदलून पुन्हा पुन्हा भेटते. त्रिनिदाद आणि टोबॅगो आज ज्या गोष्टी जगाला अभिमानाने दाखवतो, त्यातल्या बहुतेक कधी ना कधी तिथे गुन्हा होत्या. ढोल वाजवणं गुन्हा, मिरवणूक काढणं गुन्हा, डोक्याला पांढरं फडकं बांधून प्रार्थना करणं गुन्हा. म्हणून तिथला वारसा समजून घ्यायचा, तर आधी बंदीहुकूम वाचावे लागतात.

हे लोक तिथे आले कसे, ते थोडक्यात. १४९८ मध्ये कोलंबस तिथे पोचला. मूळच्या लोकांपैकी फार थोडे उरले. अरिमा गावात त्यांचे वंशज आजही सांता रोझाचा उत्सव करतात. स्पेनने १७८३ मध्ये कॅथलिक वसाहतवाल्यांना जमिनी देऊ केल्या, तेव्हा आसपासच्या बेटांवरून फ्रेंच मळेवाले आपापले आफ्रिकन गुलाम घेऊन आले. १७९७ मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं. म्हणजे सत्ता इंग्रजांची, कायदे बराच काळ स्पेनचे आणि रस्त्यावरची बोली फ्रेंच वळणाची. १८३८ मध्ये गुलाम पुरते मोकळे झाले आणि मळ्यांवर मजूर मिळेनात. मग ३० मे १८४५ रोजी ‘फतेह अल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास करारबद्ध मजूर घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. १९१७ पर्यंत असे सुमारे १ लाख ४४ हजार लोक गेले. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे, काही मद्रासकडचे. आपली मराठी माणसं करारावर गेली ती मॉरिशसला. त्रिनिदादच्या जहाजांत ती शोधू नयेत. पण ही मजूरभरती बंद पाडण्यात एका मराठी माणसाचा वाटा आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मार्च १९१२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात ही पद्धत पूर्ण बंद करावी असा ठराव मांडला. तो हरला. पाच वर्षांनी भरती थांबली, तेव्हा गोखले हयात नव्हते.

आता बंद्यांकडे वळू.

गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकन लोकांनी कार्निव्हल आपलासा केला होता. त्याची सुरुवात व्हायची कॅनबुलेने. जळत्या उसासाठीच्या फ्रेंच शब्दांवरून आलेलं हे नाव. मळ्याला आग लागली की मध्यरात्री गुलामांना हाकून ऊस तोडायला लावत. त्याच आठवणीचे पलिते पेटवून, ढोल बडवत, लाठ्या खेळत लोक रात्री रस्त्यावर उतरायचे. १८८१ मध्ये पोलीस अधिकारी कॅप्टन बेकर यांनी हे मोडून काढायचं ठरवलं आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांवर पोलीस आणि लाठीवाले यांची जुंपली. त्यानंतरच्या कायद्यांनी कॅनबुले बंद केला आणि चामड्याच्या ढोलांवर निर्बंध आणले.

ढोल गेला, पण हात आणि ताल कुठे जाणार? लोकांनी बांबू तोडले. वेगवेगळ्या लांबी-जाडीचे तुकडे जमिनीवर आपटायचे, एकमेकांवर ठोकायचे. जाड बांबूचा खर्ज, बारक्याचा टणत्कार. याला नाव पडलं तांबू-बांबू. तांबू म्हणजे फ्रेंचमधला ढोल. १९३०च्या दशकात पोरांनी बांबूच्या जोडीला बिस्किटांचे डबे, कचऱ्याचे पत्रे, मोटारीचे जुने भाग ठोकायला घेतले. ठोकता ठोकता पत्र्याला पोचे पडले आणि कुणाच्या तरी ध्यानात आलं, की प्रत्येक पोच्याचा सूर निराळा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेलाची ५५ गॅलनची रिकामी पिंपं हाताशी आली. पिंपाचं तोंड घणाने खोलगट करायचं, त्यावर सुरांच्या जागा आखायच्या, आगीवर तापवायचं, मग हातोडीने एकेक सूर लावायचा. असा स्टीलपॅन जन्मला. सुरुवातीला तो गुंडांचा धंदा समजला जायचा, भल्या घरची मुलं पॅन-यार्डात, म्हणजे पॅनवाल्यांच्या सरावाच्या अंगणात, दिसली तर मार खायची. १९५१ मध्ये पॅनवाल्यांचा एक निवडक वाद्यवृंद लंडनला वाजवून आला, तेव्हा घरच्या लोकांचे कान उघडले. १९९२ मध्ये स्टीलपॅन राष्ट्रीय वाद्य झाला.

कॅनबुले जवळजवळ संपला त्याच वर्षी, १८८४ मध्ये, पाळी आली मोहरमची. ही हकीकत मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण ती आपल्याला अगदी घरची वाटावी अशी आहे.

त्रिनिदादमध्ये मोहरमला ‘होसे’ म्हणतात. मिरवणुकीत ‘हुसेन, हुसेन’ असा जो आक्रोश व्हायचा, त्यावरून हे नाव. मळ्यावरच्या मजुरांचा हा वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस. ताजिये मुसलमान बांधायचे, पण वर्गणी सगळ्यांची, मिरवणूक सगळ्यांची. हिंदू मोठ्या संख्येने असायचे आणि आफ्रिकन लोक ढोल वाजवायला यायचे. आपल्याकडे कोल्हापूर-सांगली भागात पंजे बसतात, तेव्हा नवस बोलणाऱ्यांची जात-धर्म कोण विचारतो? तसंच ते होतं. प्रत्येक मळ्याचा आपला ताजिया, आणि कुणाचा पुढे चालणार यावरून मळ्यामळ्यांत चुरस.

सरकारला भीती वाटली ती याच एकीची. साखरेचे भाव पडले होते, मळेवाले मजुरांकडून जास्त काम काढत होते, संप होत होते. अशा वेळी हजारो माणसं वाजतगाजत शहरात यावीत, हे नको होतं. हुकूम निघाला, की ताजिये सॅन फर्नांडो आणि पोर्ट ऑफ स्पेन शहरांत आणायचे नाहीत आणि भारतीयांखेरीज कुणी त्यात सामील व्हायचं नाही. याविरुद्ध एक अर्ज गेला. अर्जदारांचा म्होरक्या होता सुखू नावाचा मळ्यावरचा माणूस, आणि तो हिंदू होता. अर्ज फेटाळला गेला.

३० ऑक्टोबर १८८४ रोजी लोक दरवर्षीसारखे ताजिये घेऊन सॅन फर्नांडोकडे निघाले. हुकूम आहे हे कित्येकांना ठाऊक होतं. पण देवाच्या कामात सरकार गोळी घालील, असं त्यांना वाटलं नसावं. शहराच्या वेशीवर जमावबंदीचा कायदा वाचून दाखवला गेला, इंग्रजीत, आणि लगेच गोळीबार झाला. अशाच गोळ्या दुसऱ्या वाटेवरही झाडल्या गेल्या. मेलेल्यांचा आकडा कुठे ९, कुठे २२ असा सापडतो; जखमी शंभरावर. जमैकाचे गव्हर्नर सर हेन्री नॉर्मन यांनी चौकशी केली आणि ठपका सरकारवर आला नाही.

तरी होसे संपला नाही. पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात आणि दक्षिण टोकाच्या सेद्रोसला तो आजही निघतो. मिरवणुकीआधी रस्त्याच्या कडेला आगट्या पेटतात. मातीच्या भांड्यावर बकऱ्याचं चामडं ताणलेला जो ‘तासा’, तो आगीजवळ धरून तापवतात. चामडं आवळलं की आवाज कडक होतो. तासा म्हणजे आपला ताशाच. आणि साथीला काय? झांज. तिथेही तिला झांजच म्हणतात. पुण्यात पथकाच्या सरावात वाढलेल्या कुणालाही त्या रस्त्यावर डोळे मिटून उभं केलं, तर पाय आपोआप हलू लागतील. सेंट जेम्सला दोन मोठे चंद्र, म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराचे सजवलेले ढाचे, निघतात, एक हसनच्या नावाचा हिरवा, दुसरा हुसेनच्या नावाचा लाल. एकेकाचं ओझं असं, की खांद्यावर पट्टा बांधून एक माणूस नाचतो आणि काही पावलांनी दुसरा त्याच्या जागी येतो. दोन्ही चंद्र एकमेकांना टेकवतात, तो भावाभावांच्या भेटीचा क्षण. शेवटी ताजिये पाण्यात.

तिसरी बंदी अशा लोकांवर आली, ज्यांचा धर्म सरकारचाच होता. आफ्रिकन वंशाच्या गरीब ख्रिस्ती मंडळींमध्ये एक पंथ वाढला होता. बायबल तेच, पण उपासनेला घंटा, टाळ्या, अंगात येणं, मोठ्याने हाका. लोक त्यांना ‘शाउटर’ म्हणून हिणवायचे. १९१७ च्या कायद्याने त्यांच्या सभा बेकायदा ठरवल्या. ओळखायचं कसं, याची यादीच कायद्यात होती: डोक्याला पांढरं कापड, हातात पेटती मेणबत्ती, मधून मधून वाजणारी घंटा, हातात फुलं, जमिनीवर खडूच्या खुणा. या वर्णनातली प्रत्येक गोष्ट आपल्यातल्या कुणाच्या ना कुणाच्या देवघरात सापडेल. हे लोक रात्री रानात जमायचे, पोलीस आले की पांगायचे. चौतीस वर्षं हे चाललं. ३० मार्च १९५१ ला कायदा रद्द झाला. १९९६ पासून त्या दिवशी राष्ट्रीय सुटी असते.

हिंदू-मुसलमानांची अडचण वेगळ्या जातीची होती. देवळात जायला कुणी अडवत नव्हतं, पण लग्नाला कायद्यात जागा नव्हती. पंडिताने मांडवात लावलेलं लग्न सरकारदरबारी लग्नच नव्हतं. मग मुलं अनौरस आणि बापाच्या जमिनीवर हक्क सांगायची पंचाईत. मुसलमानांच्या निकाहाला १९३०च्या दशकात मान्यता मिळाली, हिंदू विवाहाचा कायदा १९४५ चा, आणि आफ्रिकेतून आलेल्या ओरिशा पंथाच्या विवाहाला तर १९९९ पर्यंत थांबावं लागलं. शाळांचंही तसंच. भारतीय मुलांसाठी पहिल्यांदा शाळा काढल्या त्या कॅनडातून आलेल्या मिशनऱ्यांनी, १८६८ पासून. त्यांचे उपकार मोठे. पण मास्तर व्हायचं तर बहुधा आधी ख्रिस्ती व्हावं लागे. १९५२ मध्ये भदसे सगन महाराजांच्या पुढाकाराने सनातन धर्म महासभा उभी राहिली आणि तिने गावोगाव शाळा बांधल्या. टीकाकार त्यांना ‘गोठे’ म्हणाले.

भोजपुरी मात्र टिकली नाही. आजची पिढी इंग्रजी बोलते. उरले ते नात्याचे आणि ताटातले शब्द. बापाची आई तिथे ‘आजी’ आणि आईची आई ‘नानी’. वाटलेल्या डाळीचं सारण भरलेली ‘दालपुरी’, भाजून कुस्करलेल्या वांग्याचा ‘चोका’. अंगणात बांबूला लावलेल्या रंगीत ‘झंडी’ बघून कळतं, की या घरी नुकती पूजा झाली.

३१ ऑगस्ट १९६२ ला देश स्वतंत्र झाला. प्रत्येक पंथाला आणि वंशाला इथे सारखी जागा, हे त्यांच्या राष्ट्रगीतात आहे. कागदावरून ते प्रत्यक्षात आणायला पुढची पन्नास वर्षं गेली आणि ते काम सुटीच्या यादीतून वाचता येतं. १९६६ पासून दिवाळी आणि ईदची सुटी. १९८५ मध्ये कोलंबसच्या आगमनाची सुटी काढून टाकली आणि गुलामीमुक्तीचा १ ऑगस्ट आला. २०११ च्या जनगणनेत कॅथलिक २१.६ टक्के, हिंदू १८.२, मुसलमान ५. म्हणजे बहुसंख्य असा कोणताच धर्म नाही, आणि त्यामुळे वाटाघाटीला पर्यायही नाही. तरी देशाचा सर्वोच्च सन्मान कितीतरी वर्षं ‘ट्रिनिटी क्रॉस’ याच नावाचा होता. गळ्यात क्रूस कसा घालायचा, म्हणून काही हिंदू-मुसलमानांनी तो नाकारला. महासभा आणि एक मुस्लिम संस्था कोर्टात गेली, २००६ मध्ये कोर्टाने हा सन्मान बिगरख्रिस्तींशी भेदभाव करणारा असल्याचं म्हटलं आणि २००८ मध्ये सन्मानाचं नाव बदललं.

या सगळ्यात एक जागा मला फार जवळची वाटते. दक्षिणेत सिपारिया गावच्या कॅथलिक चर्चमध्ये मेरीची सावळी मूर्ती आहे. ख्रिस्ती तिला ‘दिव्य मेंढपाळीण’ म्हणतात आणि ईस्टरनंतर तिची मिरवणूक काढतात. हिंदूंसाठी ती ‘सिपारी माई’, कुणी तिच्यात दुर्गा पाहतं, कुणी काली. आपल्या वांद्र्याच्या मोतमाउलीला कोळी आणि इतर हिंदू जसे जातात, तसे हे लोक गुड फ्रायडेच्या आदल्या रात्रीपासून रांगा लावतात. तांदूळ, तेल, फुलं, पैसे माईपुढे ठेवतात. चर्चबाहेर न्हावी वस्तरे-कात्र्या घेऊन बसलेले असतात, कारण नवसाच्या बाळांचं जावळ तिथेच काढायचं असतं. आजीच्या मांडीवर बाळ रडत असतं आणि ओंजळभर केस पडले, की ती त्याला उचलून आत, माईकडे नेते.