रिपोर्टआधी स्टेरॉइड? मेंदूच्या ऑटोइम्यून आजारांच्या निदानाची पार्श्वभूमी

पूर्व विदर्भात ताप येऊन झटके सुरू झाले की आधी मेंदूज्वराचाच संशय येतो, आणि तो रास्त आहे. चांदीपुरा विषाणू 1965 मध्ये नागपूर भागातच सापडला. 2007 मध्ये नागपूर विभागात त्याची साथ आली, 2018 मध्ये स्क्रब टायफसने (बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा ताप) हैराण केलं. गडचिरोलीचा मलेरिया आणि क्षयाचा मेनिंजायटिस तर नेहमीचेच. एवढे जंतू समोर असताना रुग्णाची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटली असेल, म्हणजे आजार ऑटोइम्यून असेल, हा विचार फार उशिरा होतो.

लिंबिक एन्सेफलायटिसची, म्हणजे मेंदूतल्या स्मृती-भावनांच्या भागाला येणाऱ्या सुजेची, वर्णनं 1960 च्या दशकातली, पण तो बराच काळ कर्करोगाचा दुर्मिळ परिणाम मानला गेला. चित्र खरं पालटलं ते 2007 मध्ये, मेंदूतल्या पेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टर या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीने तयार केलेलं प्रथिन) ओळखली गेली तेव्हा. रुग्ण बहुतेक तरुण मुली, काहींच्या अंडाशयात टेराटोमाची गाठ. आधी असंबद्ध बडबड, भास, झोप उडणं. मग झटके, तोंडाच्या विचित्र हालचाली, वाचा जाणं. मेळघाटात अशी मुलगी आधी भूमकाकडे (गावातल्या पारंपरिक वैदूकडे) जाते, मग मानसोपचाराच्या गोळ्यांवर राहते. यात घरच्यांना दोष देणं मला पटत नाही. 2007 पूर्वी मोठ्या शहरांतले तज्ज्ञही या आजाराला ओळखत नव्हते.

खरा वाद ऑटोइम्यून एन्सेफलायटिस (मेंदूची सूज) ओळखण्याच्या 2016 च्या निकषांवरून आहे. अँटिबॉडीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका, असं त्यांत स्पष्ट सांगितलं गेलं. तीन महिन्यांच्या आत वाढलेला स्मृतीचा, शुद्धीचा किंवा वागण्याचा बिघाड. सोबत नवे झटके, मेंदूच्या एखाद्या भागाच्या बिघाडाची नवी लक्षणं, एमआरआयमधल्या खुणा किंवा मणक्यातल्या पाण्यात वाढलेल्या पेशी यांपैकी किमान एक. आणि इतर कारणं वाजवी रीतीने वगळलेली. एवढ्यावर 'शक्यता' धरून उपचार सुरू करता येतात. नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागणाऱ्या रुग्णालयांना याने मोठा हात दिला. घोडं अडतं ते 'इतर कारणं वगळणं' इथे. क्षय आणि मलेरिया वगळायलाही तपासण्या लागतात, आणि जंतुसंसर्गाचं औषध न देता नुसतं प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड दिलं तर जीव धोक्यात येतो. 2023 च्या एका अभ्यासाने उलट बाजूही दाखवली: चुकून ऑटोइम्यून ठरवलेल्या 107 रुग्णांपैकी बहुतेकजण 'शक्यते'च्या निकषांतही बसत नव्हते. तरीही आमच्या भागात अतिनिदानापेक्षा निदानच न होणं ही मोठी अडचण आहे, असं माझं मत आहे. एनएमडीएच्या मोठ्या पाहणीत दोन वर्षं पाठपुरावा झालेल्यांपैकी सुमारे 81 टक्के रुग्ण चांगले सावरले, आणि त्यांत लवकर उपचार मिळालेले पुढे होते.

'जंतू की प्रतिकारशक्ती' ही विभागणीही आता तितकी पक्की राहिलेली नाही. हर्पिस विषाणूच्या मेंदूज्वरातून उठलेल्या 51 रुग्णांवर 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा 14 जणांना पुढे ऑटोइम्यून एन्सेफलायटिस झाला. मेंदूज्वर बरा होऊन घरी गेलेलं मूल काही आठवड्यांत पुन्हा बिघडलं, तर तो जुनाच ताप म्हणून सोडता येत नाही.

तपासणीतली एक गोष्ट अजूनही सुटते. 2014 मध्ये एनएमडीएच्या 250 रुग्णांच्या मणक्यातल्या पाण्यात अँटिबॉडी सगळ्यांत सापडली, रक्तात मात्र सुमारे 86 टक्क्यांतच. पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, या भीतीने नातेवाईक अनेकदा नकार देतात. मग फक्त रक्त जातं, आणि निगेटिव्ह रिपोर्ट आला की फाइलवर हा आजार नाही असं लिहून विषय मिटवला जातो.