दहा टक्के नमुन्याची दंतकथा

कोल्हापुरात एमबीएचा प्रकल्प असो की दूध संस्थेसाठी केलेली पाहणी, कुणीतरी हमखास सांगतं, "लोकसंख्येच्या 10 टक्के नमुना घ्या, म्हणजे विश्लेषण पक्कं." असा नियम संख्याशास्त्रात नाही.

2011 च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या 5,49,236 होती. दहा टक्के म्हणजे जवळपास 55 हजार प्रश्नावल्या! प्रत्यक्षात 95 टक्के विश्वास पातळी (म्हणजे शंभरदा पाहणी केली तर साधारण 95 वेळा अंदाज ठरलेल्या फरकात बसतो) धरून अधिक-उणे 5 टक्क्यांचा फरक चालणार असेल, तर यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या काढल्यासारखे निवडलेले साधारण 384 जण पुरतात. मुंबईसाठीही तेवढेच. तांबड्या रश्श्याचं मीठ बघायला एक पळी लागते, पातेलं घरचं असो की लग्नाचं. फक्त आधी तळापासून ढवळलेलं हवं.

आणि गाडी अडते ती या ढवळण्यातच. संध्याकाळी रंकाळ्यावर भेटलेले 2,000 लोक म्हणजे शहर नव्हे. शिरोली एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला गेलेला कामगार तिथे कुठून सापडणार? 1936 मध्ये अमेरिकेच्या 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने तर सुमारे 24 लाख उत्तरं गोळा करून अध्यक्षपदी रूझवेल्ट यांना हरवून लँडन येणार असं सांगितलं होतं. नावं बरीचशी टेलिफोन आणि मोटारवाल्यांच्या याद्यांतली, त्यातही बहुतेकांनी उत्तरच पाठवलं नाही. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले.

लहान गटात हा नियम उलटा फसतो. 500 सभासदांच्या पतसंस्थेत 10 टक्के म्हणजे जेमतेम 50. तेवढीच अचूकता हवी तर तिथे 217 जणांना विचारावं लागतं.